शिवा तांडेलाची गाठ

सलाला, २३ जून

आणि फोन कापायचा तर खुशाल कापा, पण "बोलायचं असेल तर लिहून पाठव, बोलताना तू ओरडतोस" हे काय बोलणं झालं बाबा? मी ओरडतो म्हणे. तुम्ही बोटीवर उभे राहून पूर्णगडच्या किल्ल्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायचात, ती काय कुजबुज होती? बरं. लिहितो. सातवीत शाळा सोडल्यापासून सही सोडून काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नका. पानांचे फोटो काढून दिशाच्या मोबाइलवर पाठवतोय. दिशा, तू बाबांच्या समोर बसून मोठ्याने वाच. मधलं काही गाळायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे, "दादाने सगळ्यांना नमस्कार सांगितलाय" एवढं बोलून मोबाइल बंद करशील. नमस्कार मी सांगितलेलाच नाही.

तर दंडाचं. आपल्या तांबूने भागोजी काकांचा तरवा खाल्ला म्हणून गावकीने दंड लावला, आणि तुम्ही तो हात जोडून भरलात. कशासाठी? वादळात खाडीचं पाणी वाडीत शिरलं, गाय खुंट्यासकट पोहत वर आली, जीव घेऊन आली, आणि भुकेने समोर दिसली ती भाताची रोपं खाल्ली. तिने काय आधी भागोजी काकांची परवानगी काढायची होती? तरवा हिरवा झाला की लावणी होईपर्यंत कोणाचं जनावर मोकळं दिसता कामा नये, हे देवळात नारळ ठेवून ठरलंय, ठाऊक आहे मला. माझ्या जन्माआधी ठरलंय. पण नारळ ठेवणाऱ्यांनी खाडी घरात येईल हे धरलं होतं काय?

माणसांसाठी ट्रक आले. माणसं वर, सड्यावरच्या शाळेत गेली, चादरी घेऊन, टीव्हीसुद्धा घेऊन गेले म्हणे काही जण. टीव्ही वर गेला आणि बैल दावणीला राहिले. दिशा सांगते, गुणवंती काकीचे दोन्ही बैल गेले, भागोजी काकांची म्हैस गेली, खालच्या आळीतली दोन वासरं गेली. सगळी दावणीलाच सापडली, खुंट्याकडे मान ओढलेली. हे ती मला असं सांगते जसं काय बाजारात मासळी आली नाही.

मला एक कळत नाही. जनावर पोहतं. म्हैस तर तुमच्या माझ्यापेक्षा बरी पोहते. आणि वाडीतली रोजची दावी कशी असतात, फासातून गुठळी काढली की सुटलं, शाळेतलं पोर सोडतं. मग काकीचे बैल कोणी बांधले असे? नवरा गेल्यावर त्या बाईने स्वतः नांगर धरला, सगळी वाडी हसली तेव्हा, तुम्ही सोडून. त्या जोडीवर ती लोकांच्या शेतांची चिखलणी करायची आणि त्यावर तिचं वर्ष निघायचं. ज्याने कोणी ते बैल बांधले त्याचे हात बघायचेत मला. त्याच दोराने त्यालाच खाडीत बांधून ठेवा आणि म्हणावं, बस आता भरतीची वाट बघत. दिशा, हे वाच. हे तर अजिबात गाळू नकोस.

आपल्या खुंट्याचं वेगळंच. दोन वर्षं सांगतोय, खुंटा कुजलाय, बदला. बदलला नाहीत. तुमच्या आळसामुळे गाय वाचली. आता बदलू नका, राहू दे तसाच.

तुम्ही म्हणाल, "गुरं विकून टाका, शेण काढायला मी जन्मलो नाही" असं तोंडावर बोलून गेलेला पोरगा गुरांचा वकील कधी झाला. म्हणा. बोलायला तरी लागा.

माझं काम बरं चाललंय. बंदरावर माल उतरवतो. मालाचं काय सांगायचं, माल तो माल.

चिराग


सलाला, ३० जून

दिशा, तू ते वाचलंस?

सबंध वाचलंस? हात बघायचेत, खाडीत बांधा, सगळं? जन्मात एकदा माझं ऐकलंस ते हे ऐकलंस? अगं, निदान आधी मला फोन करून सांगायचं होतं ना, की दादा, ती गाठ बाबांची आहे.

आता हे पानही वाच. काय गाळायचं ते तूच ठरव, मला आता सांगायची सोय राहिली नाही.

बाबा, दिशा फोनवर रडत रडत सगळं सांगून बसलीय. जे मला आधी सांगितलं नव्हतं तेही. ट्रक आले तेव्हा वाऱ्याने गुरं बिथरली होती, दावी तोडतील आणि वर जाऊन तरवा खातील असं भागोजी काका म्हणाले, आणि तुम्ही घरातून बोटीचा दोर आणलात. घरोघर फिरलात. दोराचे तुकडे करून एकेक जनावर बांधलंत, तुमच्या त्या गाठीने, जेवढं ओढाल तेवढी आवळते ती. लोक म्हणाले, शिवा तांडेलाची गाठ आहे, आता काळजी नाही. आणि निर्धास्त होऊन ट्रकात बसले. म्हणजे वाडीतल्या कोणाच्याही घरी चूक झाली नाही. सगळ्यांच्या घरची चूक तुम्ही एकट्याने करून दिलीत, आणि ती पण फुकट, वर पाऊस अंगावर घेऊन.

मी कसं ओळखणार होतो? बाबांची गाठ बुडवते हे माझ्या डोक्यात तरी येईल काय?

आणि पत्र वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "बरोबर लिहिलंय त्याने." एवढंच म्हणालात आणि चटई घेऊन गोठ्यात गेलात. आई ताट घेऊन येते, तुम्ही अर्धी भाकरी खाता, अर्धी तांबूला देता. तिला दोन वेळचं आंबोण आहे, तिला भाकरी कशाला? मी रागात लिहिलं ते बरोबर कशाला ठरवता? माझं इतक्या वर्षांत एकही बोलणं तुम्हाला पटलं नव्हतं. पटून घ्यायला हेच मिळालं?

बरं, बरोबर लिहिलंय म्हणता तर पुढचंही ऐका. बोटीवर तुम्ही मला पहिली गाठ कुठली शिकवलीत? मी दहा वर्षांचा असेन. टोक ओढलं की सुटणारी. म्हणालात, "समुद्रात बांधता सगळ्यांनाच येतं. सोडता आलं नाही तर बोट जाते नि माणूस पण जातो." मी एकदा होडी घट्ट गाठीने बांधली तर कानाखाली आवाज काढला होता तुम्ही. मग गोठ्यात शिरताना ती अक्कल बाहेर कुठे ठेवलीत? होडीला सुटता यावं म्हणून गाठ वेगळी, आणि ज्याच्या नाकातोंडात पाणी जातं त्याला मात्र सुटूच नये अशी. का, तर भागोजी काकांचा तरवा.

आणि दिशाने आता सांगितलं, पाणी चढताना काकी शाळेतून खाली पळाली, आणि तिच्यामागे ही पण पळाली. दोघी कमरेएवढ्या पाण्यात त्या गाठीशी झोंबत होत्या. दोर ताणलेला, बैल ओढतायत, गाठ दगड झालेली. दिशाची नखं तुटली. कोयती शोधायला घरात शिरावं तर दार पाण्याने दाबलेलं. शेवटी काकीनेच हिला दंडाला धरून वर ओढत आणलं, बैल हंबरत असताना, पाठ फिरवून. तुम्हाला हे ठाऊक आहे, मला नव्हतं. तुमच्या गाठीने तुमची मुलगी गेली असती बाबा. मी ओरडत नाहीये. लिहितोय.

काकी तुमच्याशी बोलत नाही, बरोबर करते. बैल काढताना दोर मधेच कापले आणि तुमच्या गाठी खुंट्यांवर तशाच राहिल्या. ती कोणाला काढू देत नाही. तुम्ही रोज त्या गोठ्यावरून जाता आणि मान वळवता असं आई सांगते.

आता माझंही ऐका, म्हणजे फिटंफाट होईल. माल उतरवतो म्हणालो ना, तो माल म्हणजे बकऱ्या. आफ्रिकेतून बोटीने येतात. कुंपणाच्या वाड्यांत ठेवतात, डॉक्टर बघतो, मग पुढे जातात. त्यांच्या लेंड्या काढायच्या, पाणी भरायचं, चारा टाकायचा, हे माझं काम. शेण काढायला जन्मलो नाही म्हणून समुद्र ओलांडला आणि इथे लेंड्या. हसा. आईला हसू द्या, बऱ्याच दिवसांत हसली नसेल. इथे सध्या भुरभुर पाऊस आहे, आणि लोक लांबून गाड्या करून तो बघायला येतात. कपाळ माझं. मी पावसातून पळून पावसातच आलो आणि गुरांतून पळून बकऱ्यांत.

तर इथे प्रत्येक वाड्याच्या फाटकाला एक वाकडी सळी आहे. बाहेरून लाथ मारली की ती उडते आणि फाटक उघडतं. सुरुवातीला बकऱ्या धडका मारून ती सारखी पाडायच्या, मला वैताग, म्हणून मी एका सळीला तार गुंडाळली. आमचा मुकादम सुदानी आहे, बुटका, तोंडाचा फाटका. त्याने ती तार सोडवून माझ्या हाताला गुंडाळली आणि सबंध दुपार मला तसं काम करायला लावलं. म्हणाला, "आग लगेगा, तू भागेगा. ये कैसे भागेगा?" मी त्याला मनातल्या मनात सगळ्या कोकणी शिव्या घातल्या. मग मे महिन्यात चाऱ्याला खरंच आग लागली. आम्ही पळता पळता लाथा मारत गेलो. बकऱ्या बंदरभर झाल्या, कंटेनरवर चढल्या, एक तर कस्टमच्या ऑफिसात. गोळा करता करता जीव गेला आमचा, त्यांचा नाही गेला.

म्हणजे मी पण तुमचाच. बांधायचं आधी सुचतं. पण माझ्या हाताला तार बांधणारा कोणीतरी भेटला. तुम्हाला कोण भेटणार, वाडीत सगळ्यांना गाठ तुम्हीच शिकवलेली.

गोठ्यातून बाहेर या. तिथे बसून काय होणार आहे? तांबूला अडचण होते.

चिराग


सलाला, १० जुलै

हे काय नवीन काढलंत?

परत वादळ येतंय, मी इथे मोबाइलवर बघतोय. तो भोवरा आधी आमच्याकडे तोंड करून होता, आता तुमच्याकडे वळलाय. त्यात अमावास्येचं उधाण. परवा ट्रक येणार. आणि तुम्ही म्हणालात, "सगळी जावा वर. मी खाली गोठ्यात बसतो. बांधलेल्याजवळ कोणीतरी माणूस नको?"

दिशाने हे मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातली बादली पडली. बाबा, हे काय पुण्य आहे काय? तुम्ही बसल्याने पाणी लाजून परत जाणार आहे? तांबू बुडणार, तिच्या गळ्यात पडून तुम्ही बुडणार, आणि दुसऱ्या दिवशी वाडी म्हणणार, शिवा तांडेल मोठा माणूस. मला मोठा माणूस नकोय. जनावरासाठी मरा असं मी कधी लिहिलं? मी लिहिलं गाठ सोडा. सोडणं एवढं जड जातं की त्यापेक्षा मरणं सोपं वाटतं तुम्हाला?

जनावराला आपण बांधतो तेव्हा त्याचे पाय आपल्याकडे गहाण घेतो. परत द्यायची वेळ आली की द्यायचे, बस. त्याला जीव द्यावा लागत नाही, हात लावावा लागतो.

मी भागोजी काकांनाच फोन लावला. तुम्ही उचलत नाही, ते तरी उचलतात. म्हटलं, "काका, या वेळी गुरं सोडायला सांगा सगळ्यांना."

"तू तिकडं बसून सांग सोडा म्हणून. खालचा तरवा खाऱ्या पाण्यानं जळला, ठाव हाय ना? सगळ्यांनी सड्याच्या कडेला परत बी टाकलंय. गुरं वर गेली की पहिलं त्येच खातील. मग लावायचं काय, दोर?"

"तुमची म्हैस गेली काका."

"गेली. म्हणून तर सांगतो. म्हैस गेली, आता तरवा पण घालवू?"

त्यांचं चुकतंय असं पण म्हणता येईना. म्हटलं, "पावस गावाच्या बाजूला तरवा विकत मिळतो. जेवढा खातील त्याची भरपाई मी देतो."

"तू देणार? बकऱ्यांचा तू?" आणि हसले. दिशा, तुझे आभार. सगळ्या वाडीला सांगितलेलं दिसतंय.

"काका, लिहून देऊ?"

"दे लिहून. देवळात वाचून दाखवतो. बघू कोण काय बोलतोय."

तर हे पान भागोजी काकांना द्यायचं. दिशा, वरचं आमच्या घरचं आहे ते फाडून ठेव, एवढंच दे:

*गावकीला चिराग शिवा याचं सांगणं. वादळाच्या दिवशी वाडीतली सगळी गुरं मोकळी करून सड्यावर हाकावी. त्यांनी कोणाचा तरवा खाल्ला तर ज्याचा जेवढा गेला त्याची भरपाई मी देईन. कोणाच्या गुराने खाल्ला हे विचारणार नाही. त्यावर कोणाला दंड लावू नये. देवळात नारळ ठेवून ठरलं ते मी मोडत नाही. वादळापुरतं बाजूला ठेवा असं मागतो.*

झालं. आता बाबा, तुमच्यासाठी. गावकी हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तरी तुमच्या हातात कोयती आहे आणि गाठ कुठे आहे हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. गोठ्यात बसून राहण्यापेक्षा घरोघर फिरा. बांधायला फिरलात ना, तसेच. त्या दिवशी कोणाची परवानगी घेत बसला नव्हतात.

आणि ट्रकात बसा. आई वर जाणार नाही तुमच्याशिवाय, दिशा आईशिवाय जाणार नाही. म्हणजे तुम्ही एकटे खाली बसत नाही, तिघं बसता. तांबूला धरून चार जीव एका कुजक्या खुंट्याला. खुंटा बदलला तर नाही ना?

मला दोन दिवस फोन लागणार नाही हे मला माहीत आहे. मागच्या वेळी पण लागला नव्हता. इथे बकऱ्यांना पाणी घालत बसायचं आणि तो भोवरा बघत बसायचं. माझ्या बाजूला संदेश झोपतो, गुहागरचा, तो म्हणतो तू झोपेत पण वैतागतोस.

चिराग


सलाला, १९ जुलै

सतरा हजार चारशे?

बाबा, महिन्याभराने तुमचा आवाज ऐकला. दिशाच्या मोबाइलवर बोलून पाठवलंत. मी कामावरून आलो, हात धुतले, एका बाजूला जाऊन बसलो, म्हटलं आता काहीतरी बोलतील. आणि काय बोललात? "चिराग, तरव्याची भरपाई सतरा हजार चारशे झाली. वरचे चारशे सोडू नको, ते खालच्या आळीतल्या म्हातारीचे आहेत." संपलं. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. मी ते परत परत ऐकलं. संदेश म्हणाला, अरे, बापाने काय गाणं म्हटलंय काय.

सगळी वाडी काय उपाशी गुरं पाळते? सड्याच्या कडेला एक काडी ठेवली नाही म्हणे. जेवढा खातील तेवढा असं मी लिहिलं ते थोडंफार धरून. मला वाटलं भीतीने जनावर खात नाही. दिशा म्हणते, बारा वाजता सोडली आणि दोनला तरवा साफ. खाली पाणी चढतंय, वारा पत्रे उडवतोय, आणि वर ही सगळी शांतपणे चरतायत. एक रेडकू शाळेत शिरलं आणि माणसांच्या मध्ये जाऊन बसलं, कोणी हाकललं नाही.

बाकीचं आई आणि दिशा दोघींनी सांगितलं, एकमेकींचं बोलणं तोडत, त्यामुळे जे काय कळलं ते असं. देवळात माझं पान वाचलं तेव्हा कोणी हो म्हणेना, कोणी नाही म्हणेना, सगळे खांबाला टेकून बसलेले. मग तुम्ही उठलात. सरळ भागोजी काकांच्या गोठ्यात गेलात आणि त्यांच्या बैलांची दावी सोडलीत, मालक मागून बघत असताना. काका म्हणाले, "शिवा, विचार तरी कर." तुम्ही म्हणालात, "बांध म्हणालास तेव्हा तू केला होतास?" मग काकांनी पुढच्या घरचं स्वतः सोडलं. हे जर आधीच्या वेळी झालं असतं. असो. ते लिहून आता काय होणार.

पाणी मागच्यापेक्षा वर आलं, आपल्या गोठ्याच्या आढ्यापर्यंत आलं म्हणे. तुम्ही ज्या जागी चटई टाकून बसणार होतात, तिथे. तांबू वर होती. तुम्ही वर होता. एक जनावर गेलं नाही. मी हे लिहितोय आणि मला राग येतोय, की इतकं सोपं होतं. दावं सोडायला लागतो तेवढा वेळ फक्त.

आणि काकीचं. हे मला दिशाने सगळ्यात शेवटी सांगितलं, बहुतेक मुद्दाम. पाणी उतरल्यावर तुम्ही काकीच्या गोठ्यात गेलात. मोकळाच गोठा. त्या दोन खुंट्यांसमोर उकिडवे बसलात आणि खिळा घेऊन त्या गाठी सोडवायला लागलात. दोनदा पाण्यात राहिलेल्या. कापल्या असत्या तर क्षणात निघाल्या असत्या, पण कापल्या नाहीत, पीळ पीळ मोकळा करत बसलात. काकी दारात उभी. पहिली गाठ सुटेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "एवढा वेळ लागतो व्हय सोडायला?"

"भिजल्यावर लागतो."

"आमाला तेवढा नव्हता."

तुम्ही मान खालीच ठेवलीत म्हणे, आणि हात चालू ठेवलेत. दुसरी गाठ सुटली तेव्हा काकीने तो दोर तुमच्या हातातून घेतला, गुंडाळला आणि खुंटीला लावला. म्हणाली, "चा घेऊन जा आता. थंड होतोय." दिशा म्हणते तुम्ही चहा घेतलात पण बसला नाहीत.

तुम्ही त्या गाठी सोडवल्या म्हणून बैल परत येत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण सोडवल्यात ते बरं केलंत. एवढंच.

आता पैशांचं, म्हणजे हे पत्र संपेल. संदेशकडून थोडे घेतलेत, त्याला पुढच्या पगारात फेडेन, त्याची तोंडपाटीलकी तोवर ऐकावी लागेल. सतरा हजार चारशे तरव्याचे, त्या म्हातारीच्या चारशेंसकट. आपला तरवा तुम्ही हिशोबात धरलाच नाही. दिशाने सांगितलं की तो भागोजी काकांच्या बैलांनी खाल्ला. तुम्ही मागणार नाही आणि मी पण देत नाही, पावसहून दोन मुठी तुमच्या खिशातून आणा. काकीला मात्र चिखलणीला बैल नाहीत आणि लावणी थांबणार नाही. तिच्या शेतात पॉवर टिलर फिरवायला चार हजार सहाशे वेगळे. ते तुमच्या हाताने द्या, माझं नाव सांगू नका, दिशालाही सांगू देऊ नका. घेणार नाही म्हणाली तर खुंटीवर त्या दोराखाली ठेवून या.

आणि पुढच्या वेळी बोलून पाठवाल तेव्हा आधी जेवलास का विचारा, मग आकडा सांगा.

पाठवतोय, बावीस हजार.